घंटा वाजली की हात सुटतो

१

औषधांच्या कपाटाची किल्ली सांभाळणाऱ्या सिस्टर बोहदानाला त्या चोरीतून मिळणार काय होतं, हा हिशोब कॅप्टन चेनेक ह्रुबेशने रुग्णालयाच्या फाटकातून आत शिरण्याआधीच मांडून ठेवला होता. जमेला एलएसडीची एक कुपी. प्रागमधल्या एखाद्या केसाळ चित्रकाराने तिच्यासाठी फार तर थंडीच्या एका बऱ्या कोटाएवढे पैसे मोजले असते. नावे मात्र सगळी नोकरी, पेन्शन आणि वर गजाआडची दोन-तीन वर्षं. बाई ठार मूर्ख असेल तरच हा व्यवहार जुळत होता. आणि पोलिसांत केस पिकवलेल्या ह्रुबेशला एवढं कळत होतं, की मूर्ख बाई मनोरुग्णांच्या विभागात इतकी वर्षं टिकत नाही.

१९७४चा ऑक्टोबर होता. लाबे नदीच्या काठचं ते जुनं रुग्णालय धुक्यात अर्धं बुडालेलं. तिथे डॉ. ओताकार झेलेंका यांनी बारा वर्षं एकच काम केलं होतं. ज्या रोग्यांवर गोळ्या आणि विजेचे झटके वाया गेले, त्यांना हे औषध पाजायचं, दिवसभर त्यांच्या उशाशी बसायचं, आणि मनाच्या ज्या खोलीत जायला ते भीत होते तिथपर्यंत त्यांना पोचवायचं. आता सरकारची मर्जी फिरली होती. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी दुपारी, समिती येऊन उरलेलं औषध ताब्यात घेणार होती आणि विभागाला कुलूप ठोकणार होती.

सोमवारपर्यंत उरल्या होत्या तीन कुप्या आणि एक रोगी. ब्लाझेना कुद्र्नोवा. दोन वर्षांपूर्वी तिची सहा वर्षांची मुलगी नदीत बुडाली. त्यानंतर ब्लाझेनाने दोनदा दोर जवळ केला, आणि दोन्ही वेळा नवऱ्याने तो कापला. ओताकारच्या औषधाने ती प्रत्येक खेपेला मनातल्या नदीच्या काठापर्यंत जायची आणि तिथून माघारी फिरायची. सोमवारची खेप शेवटची होती. ती साधली नाही तर ब्लाझेनाची रवानगी डोंगरातल्या बंद आश्रमात होणार होती, आणि तिथून कुणी परत आल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

सोमवारी सकाळी तिने कुपी घेतली, डोळ्यांवर पट्टी बांधली आणि पडून राहिली. दुपार झाली, संध्याकाळ झाली. काहीच घडलं नाही.

"पाणी होतं त्यात," डॉ. ओताकार म्हणाले. त्यांची दाढी दोन दिवसांची वाढलेली होती. "कुणीतरी औषध पळवून इंजेक्शनच्या पाण्याची कुपी ठेवली. तेवढीच काच, तसाच आकार. लेबल वाफेवर सोडवून चिकटवलं की झालं."

"आणि उरलेल्या दोन?"

"त्याही पाणीच असणार."

"तपासल्या?"

डॉक्टर खिडकीबाहेर बघत राहिले. "नाही," ते म्हणाले.

२

ह्रुबेशने ही नोंद मनातच ठेवली. घरात चोरी झाली आणि मालकाने कपाट उघडून बघितलं नाही, तर त्याला एकच अर्थ असतो. चोरी झालेली मालकाला परवडते. औषध पळवलं गेलं असेल, तर औषध हरलं नव्हतं. बारा वर्षांची अब्रू त्या पाण्यावर तरंगत होती.

त्याने तसं बोलूनही दाखवलं. डॉक्टर रागावले नाहीत. थकलेल्या माणसाला रागवायलाही ताकद लागते. प्रागला पाठवून तपासायचं तर दोन आठवडे जातील, एवढंच त्यांनी सांगितलं. मग कामाची पद्धत समजावली. विभागात एकच नियम कधी मोडला नव्हता. ज्याने हे औषध स्वतः घेतलं नाही, त्याने घेणाऱ्याच्या उशाशी बसायचं नाही. डॉक्टर असो की परिचारिका, आधी स्वतः जाऊन यायचं. आणि बसलं की रोग्याचा हात धरायचा. तो धरलेला हात रोग्याने सोडला तर सोडला, आपण सोडायचा नाही. मग बाहेर आग लागली तरी चालेल.

"नवऱ्याला का नाही बसू दिलं?" ह्रुबेशने विचारलं. "ती काठावरून मागे फिरते म्हणता. नवरा सोबत असता तर?"

"ती तेच म्हणायची. रोस्त्या येईल तर उतरेन. तो बिचारा माझ्या पाया पडायचा बाकी होता. मी म्हटलं, आधी स्वतः घेऊन ये, मग बस." डॉक्टरांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "टाळायला म्हटलं हो. त्याला कुठून मिळणार होतं?"

"हे बोललात तेव्हा खोलीत आणखी कोण होतं?"

"सिस्टर बोहदाना. दुसरं कोण असणार?"

दुसरा संशयित डॉ. मोयमीर पातेक. वय तिशीचं, बूट चकचकीत. विभाग बंद झाला की त्याच खोल्यांत निघणाऱ्या नव्या वॉर्डाचा तो प्रमुख होणार होता. मिळकतीच्या रकान्यात त्याचं नाव सगळ्यांत वर होतं, आणि त्यालाही ते ठाऊक होतं.

"कॅप्टन, मला चोरी करायची गरजच काय?" तो हसत म्हणाला. "उद्या सगळं आपोआप माझ्या ताटात पडणार आहे. आज हात घालून बोटं कशाला भाजून घेऊ?"

"औषध तुम्ही घेतलंय?"

"पाच वेळा. नियम ना. एकदा तर हौसेने दोन दिवस लागोपाठ घेतलं. दुसऱ्या दिवशी बसलोय भिंतीकडे बघत, आणि भिंत आपली भिंतच. बादलीभर प्यायलो असतो तरी हललो नसतो. शरीर ओळखून बसतं त्याला. आठवडाभर तरी मध्ये जाऊ द्यावा लागतो. इथे कुणालाही विचारा."

ह्रुबेशने मान डोलावली आणि एक अगदी साधी गोष्ट विचारली. कुपीत औषध आहे की पाणी, हे उघडल्याशिवाय कळायचा काही मार्ग आहे का? मोयमीरने खांदे उडवले. आहे म्हणे, जांभळ्या दिव्याखाली ते चमकतं. पण असला दिवा रुग्णालयात कुणाकडे असणार?

ह्रुबेश मोटारीकडे निघाला. खोटे शिक्के आणि खाडाखोड केलेले दाखले तपासायला पोलीस जो जांभळा दिवा वापरतात, तो त्याच्या मोटारीच्या डिकीत होता.

कोळशाच्या कोठीत दार लावून त्याने तिन्ही कुप्या मांडल्या. दोन बंद होत्या. तिसरी सोमवारची, मान मोडलेली आणि तळाशी थेंबभर ओल राहिलेली. त्याने दिवा लावला.

बंद कुप्यांपैकी एक काळीच राहिली. दुसरी मंद निळी उजळली.

आणि सोमवारची रिकामी कुपी, जिच्यात पाणी होतं म्हणून त्याला बोलावलं होतं, तीही निळीच होती.

३

सिस्टर बोहदाना लिननच्या खोलीत चादरी घड्या घालत होती. पन्नाशीची दणकट बाई, पण तोंड असं की तीन दिवस झोपेने तिच्याकडे ढुंकून बघितलं नसावं. ह्रुबेशने विचारलेल्या कशालाच तिने उत्तर दिलं नव्हतं. आता तो स्टुलावर बसला आणि सहज बोलल्यासारखं म्हणाला, की सोमवारच्या कुपीत औषध होतं. अस्सल.

तिच्या हातातली चादर खाली पडली.

"खोटं बोलू नका, साहेब."

"निळं चमकलं. या डोळ्यांनी पाहिलं."

ती चादरींच्या ढिगावरच बसली. रडली नाही, नुसता श्वास सोडत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी तिला पाणी नाही पाजलं."

बस, एवढंच. पुढे तोंड पुन्हा शिवलेलं. पण ह्रुबेशला जमाखर्चाची एक बाजू मिळाली होती. आपण चुकून पाणी पाजलं की काय, या धास्तीने जिची झोप उडाली, तिला एका कुपीत पाणी आहे हे आधीपासून माहीत होतं. अदलाबदल हिनेच केली. म्हणजे एक अस्सल कुपी बाहेर गेली होती. मग सोमवारी अस्सल औषध पोटात जाऊनही ब्लाझेनाला काही का झालं नाही?

मोयमीरची ती भिंत त्याला आठवली.

ब्लाझेना खिडकीशी बसली होती. पुढ्यात बटाट्याचं सूप तसंच गार झालेलं. सोमवारपासून तिने अन्नाला तोंड लावलं नव्हतं. हातात हात घेता येईल इतपत जवळ ह्रुबेश बसला, पण हात त्याने स्वतःच्या गुडघ्यांवरच ठेवले.

"पोलीस," ती म्हणाली. "मला न्यायला आलात?"

"छे. मला डोंगर चढवत नाही."

तिच्या ओठाची एक कड हलली. मग ती सांगू लागली, आणि तिला थांबवायची हिंमत त्याला झाली नाही. डोंगरात ती जाणार नव्हती. जाण्याआधी काय करायचं ते तिने ठरवलं होतं, आणि या वेळी दोर कापायला रोस्त्या जवळ नसणार होता. हे तिने हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं.

"या वेळी काठापर्यंत गेले होते," ती म्हणाली. "पाण्यात पाय घातला. यित्का समोर दिसत होती. पण घंटा वाजली की हात सुटतो. परत येतो, परत धरतो, की परत घंटा. चार पावलं उतरले की घंटा. मग मीच म्हटलं, राहू दे."

"हे सोमवारी?"

तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तोंड घट्ट मिटलं.

ह्रुबेश व्हरांड्यात येऊन उभा राहिला. सोमवारी तर काहीच घडलं नव्हतं, चार माणसं त्याला साक्षी होती. आणि इथे धरलेला हात कुणी सोडत नाही, आग लागली तरी. मग घंटा वाजली की हात सोडून धावत सुटावं लागतं, असा माणूस कोण?

त्याने ओताकारना शोधून एकच प्रश्न केला. ब्लाझेनाचा नवरा काम काय करतो?

"रेल्वेत आहे," डॉक्टर म्हणाले. "गावाबाहेरच्या फाटकावर. रविवारी ती त्याच्याकडेच होती, सुटीवर."

४

फाटकवाल्याचं घर रुळांना खेटूनच होतं. लाल-पांढरा आडवा बांबू, तो वरखाली करायला दांड्याचं चाक, आणि भिंतीवर पितळी घंटा. गाडी पुढच्या स्टेशनातून सुटली की ती वाजायची. रोस्तिस्लाव कुद्र्ना रुंद खांद्यांचा, मान खाली घालून बोलणारा माणूस. त्याने ह्रुबेशला खुर्ची दिली, खसखशीचा केक पुढे केला आणि स्वतः उभाच राहिला.

"रविवारी बायकोला औषध तुम्ही दिलंत," ह्रुबेश म्हणाला.

रोस्त्याने नाही म्हणायचा प्रयत्नही केला नाही.

बोहदाना शनिवारी इथवर चालत आली होती. कुपी रुमालात गुंडाळलेली. तिने सांगितलं, उद्या फाटकावर बदली माणूस ठेव, सकाळी हे स्वतः घे, जाऊन ये. सोमवारी डॉक्टर जेवायला उठले की तुला अर्धा तास आत घेईन, हिचा हात धर आणि हिला उतरव. स्वतः न जाता आलास तर मात्र दारातूनच परत पाठवीन, नियम म्हणजे नियम. डॉक्टरांनी टाळायला फेकलेलं वाक्य तिने खरं धरलं होतं. समिती गुरुवारी त्या कुप्या नाल्यात ओतणारच होती, त्यातली एक माणसाच्या उपयोगी पडली तर कुणाचं काय जात होतं?

"मग घेतली का नाही?"

"साहेब, हिच्या तोंडचं मी कसं घेऊ?" रोस्त्या म्हणाला. "तीनच राहिल्या होत्या. ती तिकडे दिवस मोजतेय, आणि मी इथे बसून तिच्या वाटचं पिऊ? म्हटलं एकाने नाही झालं, दोनाने होईल. रविवारी एक, सोमवारी एक. डबल जोर येईल."

ह्रुबेशने केकचा तुकडा ताटलीत परत ठेवला.

"तिला सांगून दिलं. सकाळी घेतलं. बदली माणूस मिळाला नव्हता, तरी मी हात धरून बसलो. ती बोलायला लागली, पाणी, पाणी, यित्का. दोन वर्षांत पहिल्यांदा पोरीचं नाव घेतलं तिने. आणि घंटा वाजली." त्याने भिंतीकडे बघितलं. "फाटक नाही पाडलं तर रस्त्यावरचा कुणीतरी मरेल. धावत गेलो, धावत आलो. रविवारी गाड्या कमी असतात म्हणून बरं, असं मीच मनाला सांगत होतो. पण प्रत्येक गाडीला तिचा हात सोडला मी."

इतक्यात घंटा वाजलीच. रोस्त्या बाहेर गेला. ह्रुबेशने खिडकीतून पाहिलं. माणूस दांडा फिरवत होता आणि खांद्यांवरून ओळखू येत होतं की रडत होता.

तो परत आला तेव्हा ह्रुबेशने त्याला जे होतं ते सांगितलं. एका दिवसाने दुसरा दिवस खाल्ला. हे औषध लागोपाठ घेतलं की दुसऱ्यांदा चढत नाही. रुग्णालयातल्या झाडूवाल्यालाही ते ठाऊक होतं. ज्याने स्वतः कधी घेतलंच नाही, त्या एकट्यालाच ते ठाऊक नव्हतं.

"म्हणजे मीच," रोस्त्या म्हणाला.

५

चार वाजता ह्रुबेशने डॉ. ओताकार, बोहदाना आणि रोस्त्याला लिननच्या खोलीत एकत्र बसवलं. मोयमीरला मुद्दाम बोलावलं नाही. मिळकतीच्या रकान्यातल्या माणसाला खर्चाच्या गोष्टी ऐकवू नयेत.

"मी सकाळपासून एकच चोर शोधत होतो, तिथेच चुकलो," तो म्हणाला. "ज्याने कुपी उचलली त्याला कपाट माहीत होतं, पाण्याच्या कुप्या माहीत होत्या, औषधाचा स्वभावही माहीत होता. तो माणूस रविवारी औषध देऊन सोमवारची खेप कधीच वाया घालवणार नाही. ज्याने रविवारी दिलं, त्याला औषधाचा स्वभाव माहीत नव्हता. म्हणजे हात दोन. एकाने नियम पाळण्यासाठी चोरी केली, दुसऱ्याने बायकोच्या तोंडचं न खाण्यासाठी नियम मोडला. आणि घंटेने दुसऱ्याचं नाव सांगितलं."

बोहदाना रोस्त्याकडे बघत राहिली. "तू घेतलं म्हणालास मला," ती हळूच म्हणाली. "रविवारी रात्री फोनवर विचारलं, तर म्हणालास घेतलं. सोमवारी तिला चढलंच नाही म्हणून, नाहीतर तुला आत घेऊन बसवलं असतं मी."

"घेतलं असंच म्हणालो. कुणी ते नाही म्हणालो."

ओताकारना मात्र यातलं एकच ऐकू आलं होतं. एक कुपी निळी आहे. अस्सल आहे. ते उठलेच. आत्ता, या क्षणी ब्लाझेनाला द्यायची, समितीला उद्या काचा मोजू देत.

"बसा, डॉक्टर," ह्रुबेश म्हणाला. "भिंत भिंतच राहील."

ओताकार बसले. बारा वर्षं त्यांनी दुसऱ्यांना शिकवलेलं त्यांना एका पोलिसाकडून ऐकावं लागलं होतं. रविवार आणि सोमवार अशी दोनदा भर पडलेली. आठवडाभर तरी थांबायला हवं होतं, आणि हातात उरली होती उद्याची दुपार.

मग ह्रुबेशने वही उघडली नाही, पेनचं टोपणही काढलं नाही, आणि जे आहे ते बोहदानासमोर मांडलं. अहवालात खरं लिहिलं तर एक कुपी चोरीला गेली. ती कबूल करेल, नोकरी जाईल, शिक्षा थोडी होईल, बहुतेक स्थगितही होईल. उरलेली अस्सल कुपी समितीच्या हवाली. अहवालात दोन लिहिल्या, दोन्ही जागी पाणी सापडलं असं लिहिलं, तर समितीला पाण्याच्याच दोन कुप्या मिळतील आणि अस्सल हाती राहील. पण दोन म्हणजे सवय ठरते. स्थगिती विसरायची.

"मी हे तुम्हाला सांगितलेलं नाही," तो म्हणाला. "मी चादरी मोजायला आलो होतो."

"दोन लिहा," बोहदाना म्हणाली.

"सिस्टर, विचार करा," ओताकार म्हणाले.

"केला. एक लिहिलीत तर मी तुरुंगात नाही गेले तरी ती पोरगी डोंगरात जाणार. मग मी चोरी केली कशासाठी? कुपी नाल्यातच जायची होती तर मी शनिवारी एवढं चालत गेले नसते. पाय दुखतात माझे." तिने पडलेली चादर उचलून झटकली. "दोन लिहा, साहेब. आणि डॉक्टर, तुम्ही आज ब्लाझेनाच्या घरी सोडण्याच्या कागदावर सही करा. उद्या दुपारपर्यंत तुमची सही चालते."

रोस्त्या तिच्यासमोर गुडघ्यांवर बसायला गेला. तिने त्याला कोपराला धरून उठवलं. आधी ऐकायला शीक म्हणाली, मग वाक.

६

गुरुवारी समितीने दोन कुप्या गंभीर चेहऱ्याने मोरीत ओतल्या, काचा फोडल्या आणि कागदावर शिक्का मारला. मोयमीरने नव्या वॉर्डाच्या किल्ल्या घेतल्या. बोहदाना खटल्यापर्यंत जामिनावर सुटली.

त्याच्या पुढच्या मंगळवारी फाटकवाल्याच्या घराचे पडदे ओढलेले होते. आत खाटेवर ब्लाझेना, डोळ्यांवर पट्टी. एका बाजूला बोहदाना, कारण जाऊन आलेलं कुणीतरी हवंच. दुसरा हात रोस्त्याच्या हातात. नियमाने त्याला तिथे बसायचा अधिकार नव्हता. पण नियमाची किंमत आता बोहदानाच भरणार होती, आणि तिने त्याला बसवलं होतं.

बाहेर दांड्याच्या चाकाशी कॅप्टन ह्रुबेश उभा होता. अंगावर रोस्त्याचा रेल्वेचा कोट, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. घंटा वाजली की तो दांडा फिरवायचा, बांबू खाली यायचा, गाडी धडधडत जायची, तो पुन्हा फिरवायचा. मंगळवारी मालगाड्या फार. दुपारपर्यंत तळहातांना फोड आले. एकदा आतून ओरडणं ऐकू आलं, लांबलचक, जनावरासारखं. त्याच वेळी घंटा वाजली. ह्रुबेशने दाराकडे पाहिलं. दारातून कुणी बाहेर आलं नाही. त्याने दांडा धरला.

उजेड कलला तेव्हा दार उघडलं. ब्लाझेना उंबऱ्यात उभी होती, केस घामाने कपाळाला चिकटलेले, चेहरा सुजलेला. तिने बराच वेळ त्याची धडपड बघितली.

"असं नाही ओढायचं," ती म्हणाली. "अंग टाकायचं त्याच्यावर. यित्का दोन्ही हातांनी लोंबकळायची त्याला. सहा वर्षांची पोर पाडायची फाटक, आणि तुम्ही बघा."

मग तिने विचारलं, सूप आहे का कुणाकडे.

हिवाळ्यात निकाल लागला. ह्रुबेशने आपला हिशोब त्या संध्याकाळी, कोर्टाच्या पायऱ्यांवर, मनातल्या मनात बंद केला. मोयमीरला वॉर्ड मिळाला आणि त्याने काहीच भरलं नाही. असा एक माणूस प्रत्येक प्रकरणात असतो. ओताकारनी आपली बारा वर्षं भरली. रोस्त्याने एक रविवार भरला, जो त्याला जन्मभर हप्त्याहप्त्याने फेडावा लागणार होता. स्वतः ह्रुबेशने एक खोटी ओळ भरली. कारकिर्दीतली पहिलीच, त्यामुळे अक्षर जरा वाकडं आलं. ब्लाझेनाने सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांत जास्त भरलं होतं, तिच्याकडून कुणाचं काही येणं नव्हतं.

बाकी सगळी रक्कम बोहदानाच्या नावावर निघाली. अठरा महिने. तिने ती सही करून घेतली, आणि पहारेकऱ्याला तेवढंच विचारलं, की तिथे चालावं फार लागतं का.